पाठमोरं पान

"मला एक सांगा, भिंतीवर कुणी चित्राची पाठ टांगलेली पाहिलीय का तुमच्यापैकी?"

थोरल्या काकांनी हे विचारलं तेव्हा जेवणं होऊन गच्चीवर सतरंज्या पडल्या होत्या. किडे येतात म्हणून दिवा मालवलेला होता. पुतणे, भाच्या उशा कवटाळून बसले होते. धाकटी भाची आईच्या मोबाइलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ बघत होती. टॅरोचे पत्ते मांडून ती बाई कुणाला तरी नोकरी सोडावी की नाही ते सांगत होती.

"पाठ? म्हणजे उलटी टांगलेली फ्रेम?" मोठा पुतण्या हसला.

"फ्रेम सरळ. आतलं चित्र पाठमोरं. तो मोबाइल बंद कर गं बाळ. त्या बाईला म्हणावं, आज पुरे." काकांनी पाय पोटाशी घेतले. "तिच्याकडे आहेत ना, तसलेच पत्ते होते ते. ज्याच्या घरात हे घडलं तो माझा मित्र. खोटं वाटलं तर झोपा. खरं वाटलं... तरी झोपायचंच आहे."

आणि काका सांगू लागले.

माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे फोटोंना फ्रेम करून देणाऱ्याचं दुकान होतं. खाली दुकान, आतूनच जिना, वर दोन खोल्या. गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणायचे. चहाचा कप ठेवला तरी त्याचा कान टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवणारा माणूस. त्याची बायको, आमच्या वहिनी, नेमक्या उलट. कुठलीही फ्रेम टांगली की थोडी तिरकी. "सरळ काय, भिंतही नाही तुमची," असं म्हणून मोकळ्या व्हायच्या.

कामं वाटलेली होती. काच कापायची, पट्ट्या जोडायच्या, मागे खिळे ठोकायचे, हे त्याचं. शेवटी फ्रेमच्या पाठीवर धूळ जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी गोंदाची तपकिरी कागदी पट्टी लावायची, हे वहिनींचं. वाडग्यात पाणी, पाण्यात स्पंज. पट्टी स्पंजावरून ओढायची, बसवायची, आणि चौथ्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरायचा. गोंद ओला असल्यामुळे अंगठ्याचा ठसा तिथे उमटून वाळायचा. आपल्या घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे बघा कधीतरी. असेल.

तर एकदा कुणी गिऱ्हाईक टॅरोचा एक जोड ठेवून गेलं. त्यातली चार चित्रं फ्रेम करून हवी होती म्हणे. ते गिऱ्हाईक परत आलंच नाही. एका कंटाळवाण्या दुपारी वहिनींनी तो जोड उघडला, आणि नवराबायकोला खेळ सापडला. शिकवलं कुणी नव्हतं. चित्रात जे दिसेल ते बोलायचं, एवढंच. पण नियम मात्र त्यांनी पक्के केले होते. ज्याला काही ठरवायचं असेल त्यानं प्रश्न मनात धरायचा, एक पान ओढायचं आणि न बघता, पालथंच, समोरच्यापुढे सरकवायचं. ज्याच्यापुढे सरकवलं त्यानंच ते उलटून मोठ्यानं वाचायचं. वाचून झाल्यावरच प्रश्न सांगायचा. आणि पान वाचून होईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. मग कितीही घाई असो.

एकदा त्यानं पान सरकवलं. वहिनींनी उलटलं. एक माणूस काठ्यांचा भारा एकट्यानं वाहून नेतोय, पार वाकलाय. "अगं बाई, काय ही दशा बिचाऱ्याची! ह्याला कुणीतरी मदत करा हो." तो उडालाच. त्याच्या मनात पट्ट्या कापायचं मशीन घ्यायचं होतं. "तुला कसं कळलं?" तर वहिनी म्हणाल्या, "पत्त्यावर कशाला वाचायचं, तुमच्या कपाळावर लिहिलंय."

मी त्याला चिडवायचो, "अरे, पत्ते काही बोलत नाहीत. बायको बोलते."

तो म्हणायचा, "मग तेच तर हवंय."

एका सकाळी वहिनींनी पान ओढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. तो काच कापत होता. मान वर न करता म्हणाला, "हात गुंतलेत गं. रात्री वाचतो."

"वाचा सावकाश," वहिनी म्हणाल्या. "मी कुठे पळून चाललेय?"

त्याच दुपारी, त्याच खुर्चीत, पट्टी लावता लावता त्यांची मान खाली गेली. ती वर आली नाही. फ्रेमच्या तीन बाजू चिकटल्या होत्या. चौथी लोंबत होती.

काका थांबले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घोटभर प्यायलं.

ते पान त्यानं उलटलं नाही. कित्येक दिवस टेबलावर तसंच पालथं. मग त्यानं त्याची फ्रेम केली. पालथ्याचीच. काचेतून दिसायची ती पत्त्याची पाठ, निळ्या चौकटींची. वहिनींच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावली. मी म्हटलं, "अरे, उरलेले पत्ते मांडून बघ, कुठलं कमी आहे ते कळेल." तर म्हणाला, "बघायचंच असतं तर उलटलं नसतं का?" ओली पट्टी लावणंही त्यानं सोडलं. बाजारात तयार चिकटपट्टी मिळते, प्लास्टिकची, ती वापरायला लागला. स्पंज मात्र वाडग्यातच राहिला. वाळून दगडासारखा झाला.

चार वर्षं गेली तशीच. लेक दुसऱ्या शहरात, नवरा-मुलांत. ती फोन करायची. बाकी दिवसभरात त्याच्याशी बोलणार ते गिऱ्हाईक. त्याचं बोलणं काय, तर "रुंदी किती?" आणि "पट्टी कुठली?" संध्याकाळी शटर ओढलं की संपलं. रात्री रेडिओ लावून बसायचा. मी एकदा विचारलं, कुठला कार्यक्रम ऐकतोस रे? म्हणाला, "कुठला का असेना. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

मग एका रात्री तो जिन्यावरून पडला. हाड मोडलं नाही, पण सकाळी दुकान उघडायच्या वेळेपर्यंत तो तिथेच खालच्या पायरीशी बसून होता, हे लेकीला कळलं. तिनं हट्टच धरला. "बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या." तो म्हणायचा, उद्या सांगतो. असे बरेच उद्या झाले. शेवटी नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तिचा फोन आला. मी तिथेच होतो.

"बाबा, उद्या सकाळी आठला गाडी घेऊन येतेय. हो की नाही, तोंडावर सांगा. नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. मलाही वाईट वाटतं हो, दर वेळी तेच तेच ऐकून."

"अगं, माझ्या सामानाला जागा तरी..."

"तुमची खोली तयार आहे. भिंतीवर खिळासुद्धा ठोकलाय, तुमच्या त्या पाठमोऱ्या पानासाठी. मुद्दाम तिरका ठोकलाय. सरळ करायला तरी याल."

फोन ठेवून तो हसत होता. त्याचे डोळे भरले होते. "आईवर गेलीय," म्हणाला.

त्या गुरुवारी रात्री साडेनऊला तो शेवटची ऑर्डर पोचवायला निघाला. चौकापलीकडच्या दाताच्या डॉक्टरांची फ्रेम होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, बगलेत धरून गेला. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. परत आला तेव्हा मी कुलपं आत घेत होतो.

"काय ठरलं मग?" मी विचारलं.

"मला जावंसं वाटतंय रे," तो म्हणाला. "नातवंडं आहेत. संध्याकाळी घरात आवाज असतो. खूप वाटतंय जावंसं."

"मग जा की! अडवलंय कुणी?"

"आमच्या घरात मोठं काही पान ओढल्याशिवाय ठरवलेलं नाही कधी."

"तर मग ओढ. माझ्यापुढे सरकव, मी वाचतो. चित्रात रेडा दिसला तरी जा म्हणून सांगेन."

"म्हणूनच तुझ्यापुढे नको."

"बरं, लेकीपुढे सरकव उद्या."

"तिचं उत्तर मला पाठ आहे," तो म्हणाला. आणि रस्ता ओलांडून गेला. शटर खाली आलं. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. कुलूप-कडीचा आवाज माझ्या कानातून सुटत नाही.

पुढचं त्यानं मला सांगितलं. सांगितलं तसंच सांगतो.

साडेअकराला तो खाली टेबलाशी बसला. समोर वहिनींची खुर्ची. त्यानं पत्ते पिसले. मनात प्रश्न धरला, जाऊ का. एक पान ओढलं. न बघता, दोन बोटांनी, पालथंच... टेबलावरून पलीकडे सरकवलं. रिकाम्या खुर्चीपुढे.

थोडा वेळ बसला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. दिवा मालवून वर गेला. झोप लागली.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. उशाशी घड्याळ होतं, त्यानं पाहिलं. खालून आवाज येत होता.

टप.

नळ राहिला असेल. पण नळ वर होता. खाली नळच नव्हता.

टप... टप. मग कुणीतरी ओलं काहीतरी पिळल्यासारखं. मग पुन्हा शांत.

तो उठून बसला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तीस वर्षांच्या ओळखीचा. डोकं अजून मानायला तयार नव्हतं.

तो जिन्याच्या तोंडाशी आला. खाली अंधार. दिव्याचं बटण खालीच.

"कोण आहे?"

...

"कोण आहे खाली?"

काही नाही. टपटपही थांबली. कुणी काम थांबवून ऐकत बसलं की जशी शांतता होते... तशी.

आणि तेव्हा, त्या जिन्यात उभं असताना, त्याला आठवलं. पान वाचून होईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. त्यांचाच नियम. दोघांनी मिळून केलेला. आणि वहिनींचं पान त्यानं वाचलंच नव्हतं. रात्री वाचतो म्हणाला होता. ती रात्र त्यानं येऊच दिली नव्हती. पान काचेत कोंडून खिळे ठोकले होते.

म्हणजे चार वर्षं... ती...

तो घरात एकटा म्हणून रेडिओ लावत होता. आणि ती समोरच्या खुर्चीत...

धाकटी भाची सरकून काकांना चिकटली.

तो खाली उतरला. एकेक पायरी चाचपत. टेबलाची कड हाताला लागली. हात पुढे गेला. वाडगा. वाडग्यात पाणी. स्पंज...

मऊ. ओला. गार.

त्यानं हात मागे घेतला. दिवा लावायचं धाडस झालं नाही. समोर बघायचंही नाही. खाली मान घालून बोलला.

"रात्री वाचतो म्हणालो होतो गं."

...

"आज वाचतो."

भिंतीवरून फ्रेम काढली. टेबलाच्या खणात बॅटरी होती, ती लावली. उजेड फक्त फ्रेमवर धरला. प्लास्टिकची पट्टी कापली. खिळे उपसले. पुठ्ठा काढला. पान हातात घेतलं.

उलटलं.

एक नाव होती.

वाचायचं म्हणजे मोठ्यानं. नियम.

"नाव आहे," तो म्हणाला. "नावाडी आहे. आपल्याकडे पाठ करून उभा. एक बाई बसलीय. तीही पाठमोरी. डोक्यावरून पांघरूण घेतलंय... पाणी संथ आहे. पलीकडचा काठ दिसतोय. नाव निघालीय."

श्वास घेतला.

"कधीची निघायचीय ती. अडकलीय. तर... माझं वाचन असं आहे की, तिनं जावं."

बॅटरीचा उजेड फ्रेमवरून ढळू दिला नाही त्यानं.

"झालं वाचून. आता सांग. काय विचारलं होतंस?"

...

"सांग ना गं."

...

खुर्ची मागे सरकली. जोरात नाही. काम आटोपून माणूस उठतो तशी. आणि मग... मग काही नाही. पावलं नाहीत. दार नाही.

तो म्हणाला, चार वर्षं मी एकटा आहे असं मला वाटायचं. एकटं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं. घर पहिल्यांदा रिकामं झालं.

तो उघडी फ्रेम, काच, पुठ्ठा, सगळं टेबलावर तसंच टाकून वर आला. काटकोन माणूस, आयुष्यात पहिल्यांदा पसारा टाकून झोपायला गेला. वहिनींचं पान त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. त्यावर हात ठेवून पडून राहिला. खुर्चीपुढे पालथं ठेवलेलं स्वतःचं पान तो विसरूनच गेला.

"मग त्यांचं पान कोण वाचणार? काकू तर गेल्या ना?" पुतण्यानं हळूच विचारलं.

काकांनी तांब्या बाजूला सरकवला.

सकाळी आठला लेक आली. शटर वाजवलं, त्यानं खाली येऊन आतली कडी काढली. मीही समोरून आलो, निरोप द्यायचा म्हणून. त्याच्या चेहऱ्याकडे बघून लेकीनं विचारलं, "बाबा, झोपला नाहीत?" आणि मग भिंतीकडे बोट केलं. "अजून टांगलेलंच आहे का? मला वाटलं, बांधून ठेवलं असेल."

फ्रेम भिंतीवर होती. आत निळ्या चौकटींची पाठ. फ्रेम जराशी तिरकी होती.

तो टेबलाकडे वळला. टेबल स्वच्छ. पसारा नाही. खुर्चीपुढे पान नाही. त्यानं खिशात हात घातला आणि नावेचं पान काढलं. ते त्याच्यापाशीच होतं. म्हणजे काचेत होतं ते रात्री त्यानं खुर्चीपुढे सरकवलेलं.

त्यानं फ्रेम उतरवली, पालथी केली. मी शेजारीच उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाठीवर चारी बाजूंनी तपकिरी कागदी पट्टी होती. ती पट्टी त्यानं चार वर्षांत दुकानात आणली नव्हती. लेकीनं हात लावला आणि बोट मागे घेतलं.

"बाबा, हे ओलं आहे."

चौथ्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता.

मग लेक म्हणाली, "उघडा ना. कुठलं पान आहे बघू. तुम्ही नका वाचू, मी वाचते."

त्यानं फ्रेम छातीशी धरली. म्हणाला, "तुझ्यापुढे नाही गं सरकवलं."

"मग कोण वाचणार? कधी?"

तो हसला. फार दमलेलं हसू. "हात गुंतले असतील तिचे. रात्री वाचेल."

लेक रडली, रागावली, पाया पडली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग फ्रेम परत खिळ्यावर टांगली. तिरकीच. सरळ केली नाही. वहिनींच्या खुर्चीसमोरच्या आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि पट्टी मापायला घेतली.

आठला आलेली गाडी नऊच्या आत परत गेली. मागच्या सीटवर लेक एकटीच होती.